कार्डावर हललेले बिऱ्हाड

स्मार्टफोनमधील ॲप्स मेमरी कार्डावरून चालविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा मानवी आशावादाच्या इतिहासातील एक उपेक्षित अध्याय असून, १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशा मायक्रोएसडी नामक तुकड्यावर त्यात जेवढा विश्वास टाकला गेला, तेवढा फार थोड्या संस्थांच्या वाट्याला आला असेल. या विश्वासाला कारणही होते. २००८ साली आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲप्ससाठी जेमतेम ७० मेगाबाइट जागा उरत असे, आणि खाचेतले कार्ड त्याच्या कित्येक पट मोठे असले तरी त्यावर गाणी व छायाचित्रे ठेवावीत, ॲप ठेवू नये, असा दंडक होता. तेव्हा काही उद्योगी वापरकर्त्यांनी फोन ‘रूट’ करून, म्हणजे निर्मात्याने राखून ठेवलेले सर्वाधिकार परस्पर हस्तगत करून, कार्डाचे दोन भाग पाडले, दुसऱ्या भागात ॲप्स नेऊन टाकली आणि मूळ जागी केवळ नवा पत्ता सांगणारे दुवे ठेवले. या खटाटोपात फोनची हमी गमवावी लागली, तर तीही शास्त्राच्या प्रगतीची किंमत मानण्यात येई.

मे २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीने ही मागणी अधिकृतपणे मान्य केली आणि ॲप एसडी कार्डवर हलविण्याचे बटण सेटिंग्जमध्ये अवतरले. मान्य झालेली मागणी आणि पदरात पडलेली वस्तू यांत जे अंतर असावयाचे ते येथेही होते. बटण दाबल्यावर ॲपची मूळ फाइल तेवढी कार्डावर जाई. वापरकर्त्याची माहिती, डेटाबेस आणि प्रोसेसरच्या सोयीसाठी बेतून ठेवलेली आज्ञावली मात्र फोनच्या अंतर्गत साठ्यातच राही. गिरगावातील कुटुंबाने विरारला बिऱ्हाड हलवावे, परंतु शिधापत्रिका, गॅसची जोडणी आणि आजोबा गिरगावातच राहावेत, असा हा स्थलांतराचा प्रकार होता. शिवाय ॲपने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे नसून विकसकाकडे होता. त्याने आपल्या घोषणापत्रात, म्हणजे ॲपसोबत जाणाऱ्या माहितीच्या फाइलीत, संमती नोंदविली नसेल तर ते बटण निस्तेज होऊन पडे. फोनसोबतच आलेल्या ॲप्सचा तर प्रश्नच उद्भवत नसे, कारण ती प्रणालीच्या स्वतंत्र कप्प्यात कायमची वस्तीला असत आणि कोणी कधी उघडली नाहीत म्हणून त्यांच्या वहिवाटीला बाध येत नसे. आणि फोन संगणकाला जोडून कार्ड त्याच्या स्वाधीन केले, की कार्डावरची ॲप्स चालता चालता बंद पडत. म्हणूनच गजराची, कीबोर्डची आणि विजेट्सची ॲप्स कार्डावर नेऊ नयेत असा सल्ला विकसकांना देण्यात आला होता.

या अर्धवटपणावर २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० ने जो उतारा काढला, तो या संपूर्ण अध्यायाचा कळस मानावा लागेल. ‘अ‍ॅडॉप्टेबल स्टोरेज’ या नावाच्या या योजनेत फोन कार्डाला आपल्याच साठ्याचा भाग म्हणून पदरात घेतो. त्यासाठी कार्ड आधी पूर्ण पुसले जाते, नव्या पद्धतीने आखले जाते आणि त्यावरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात बदलून त्याची किल्ली त्या एकाच फोनमध्ये ठेवली जाते. परिणामी ते कार्ड दुसऱ्या कोणत्याही फोनला वा संगणकाला वाचता येत नाही, फोन दगावला तर त्याबरोबर कार्डावरचा मजकूरही जातो, आणि फोन धडधाकट असताना कार्ड काढले तर त्यावरची ॲप्स ते परत येईपर्यंत चालत नाहीत. काढता येणाऱ्या कार्डावरून ॲप्स नीट चालवायची असतील तर ते कार्ड पुन्हा काढू नये, या निष्कर्षाप्रत जगातील अत्यंत बुद्धिमान अभियंते अशा रीतीने पोहोचले. हा निष्कर्ष अभियांत्रिकीच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, हे येथे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. केवळ त्यासाठी खाच कशाला हवी होती, याचा खुलासा झाला नाही. पुढच्याच वर्षी सॅमसंग व एलजी यांनी आपल्या महागड्या फोनांत ही सोय बंद ठेवली.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार होती. सप्टेंबर २०१४ मध्ये येथे अवतरलेले अँड्रॉइड वनचे पहिले फोन ४ गिगाबाइट अंतर्गत साठ्याचे होते आणि त्यातला मोठा वाटा प्रणालीच खात असे. उरलेल्या जागेवर कौटुंबिक समूहांतून रोज पहाटे गुलाब, उगवता सूर्य आणि सुविचार यांचे आक्रमण होई. भारतीयांचे फोन तुंबण्याच्या कारणांत ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांचा क्रमांक वरचा असल्याचे गूगलच्या संशोधकांना आढळून आले, आणि ती हुडकून पुसण्याची सोय कंपनीने आपल्या फाइल्स ॲपमध्ये केली. दरम्यान निर्मात्यांनी ‘हायब्रिड स्लॉट’ काढला, ज्यात एक तर दुसरे सिम बसते किंवा मेमरी कार्ड. कचेरीचा नंबर ठेवावा की भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ, हा पेच त्यामुळे घरोघरी पोहोचला.

कार्डाच्या वेगाचे प्रकरण याहून गहन आहे. वेष्टनावर ठळक छापलेला ‘क्लास १०’ हा शिक्का सेकंदाला किमान १० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी देतो. चित्रीकरणासाठी ती पुरेशी असते. ॲप मात्र सलग वाचत नाही, ते इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा असे हजारदा मागते, आणि या कामी क्लास १० चे कार्डही धापा टाकू शकते. म्हणून २०१६ मध्ये ‘ए१’ ही श्रेणी आली, जिच्यात सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने व ५०० लेखने अपेक्षित असतात. पुढच्या वर्षी ४,००० वाचने व २,००० लेखने करणारी ‘ए२’ आली, पण हा वेग मिळण्यासाठी फोननेही तिची भाषा शिकलेली असावी लागते, आणि बहुतेक फोनांनी ते कष्ट घेतले नाहीत. बनावट कार्डे या सर्व वादांपलीकडे गेलेली असतात: त्यांतील नियंत्रक चिप फोनला ६४ गिगाबाइट असल्याचे बिनदिक्कत सांगते आणि खरी ८ गिगाबाइट भरली की जुन्यावरच नवे लिहू लागते.

गूगलमधील अँड्रॉइडचे रचनाप्रमुख मातियास दुआर्ते यांनी २०१२ मध्येच मत मांडले होते, की कार्डाची कल्पना सर्वांना आवडते, प्रत्यक्षात मात्र ते वापरकर्त्याला गोंधळात टाकते. खाचच काढून टाकून गोंधळ दूर करण्याचा उपाय हळूहळू सर्वमान्य झाला. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस६ मधून खाच काढली, ओरड झाल्यावर एस७ मध्ये परत दिली आणि २०२१ च्या एस२१ मधून पुन्हा काढून घेतली. अधिक जागा हवी असणाऱ्याने आता अधिक किमतीचा फोन घ्यावा. त्याच फोनच्या खोक्यातून चार्जर आणि इअरफोनही गेले. ट्रे उघडण्याची टोकदार पिन मात्र त्यात आवर्जून ठेवलेली असते.