निर्गुडेकाठी सहज सायकलफेरी

नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यातून, गाड्यांच्या गर्दीपासून दूर, सपाट वाटेनं रमतगमत सायकल चालवणं हे सुख जगातल्या बऱ्याच शहरांत मिळतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीतही त्याला लागणारं साहित्य हजर आहे. नदी आहे, निर्गुडा. काठ आहे. हिरवा पट्टाही आहे. त्यात बेशरमच्या झुडपांचा वाटा मोठा आहे, पण हिरवेपणात तो कमी पडत नाही. सायकली तर घरोघरी आहेत: जिन्याखाली, माळ्यावर, गच्चीवर तुटक्या कूलरच्या शेजारी. उणीव आहे ती वाटेची आणि मार्गदर्शनाची. वाट आमच्या हाती नाही. म्हणून मार्गदर्शन.

पहिली तयारी सायकलची नव्हे, कारणाची. पन्नाशीकडे झुकलेला माणूस वणीत सायकलवर दिसला, की त्याला गावाला जबाब द्यावा लागतो. टिळक चौक ओलांडायच्या आत कोणीतरी अडवणारच. "काहून भाऊ, गाडी बिघडली काय?" गाडी म्हणजे अर्थातच मोटारसायकल. त्याच्या मागून दुसरा: "पेट्रोल परवडत नाही काय जी?" अशा वेळी "सहज निघालो" हे खरं उत्तर चुकूनही देऊ नये. सहज कोणी घामाघूम होत नसतं, एवढं व्यवहारज्ञान इथे सर्वांना आहे. त्या उत्तरानं संशय बळावतो आणि दुपारी घरी वहिनींना फोन जातो, "सगळं बरं आहे ना तुमच्याकडं?" सर्वमान्य उत्तर एकच: "शुगर निघाली." ते ऐकताच समोरच्याचा चेहरा खुलतो, कारण त्याचीही निघालेली असते. मग मेथीदाणे, कारल्याचा रस, शेवटी मांडीवर थाप आणि "चालवा, चालवा." मार्ग मोकळा. शुगर नसली तरी हरकत नाही. रिपोर्ट कोणी मागत नाही.

दूधवाल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीवरून शाळेला जाणाऱ्या खेड्यातल्या पोरींनाही नाही. त्या कामाला निघालेल्या असतात, आणि कामाची सायकल कोणाच्या नजरेत भरत नाही. मौजेची मात्र गावभर दिसते. तेव्हा कॅरिअरला एक रिकामी कापडी पिशवी अडकवून ठेवावी. पिशवीवाला माणूस कुठेतरी चाललेला असतो.

आता पोशाख. शहराभोवती दोन धुळी आहेत. कोळसा खाणींची आणि त्यांच्या ट्रकांची काळी, राजूरकडच्या चुनाभट्ट्यांची पांढरी. वारा कोणत्या बाजूचा, यावर त्या दिवशीचा रंग ठरतो. जाणकार करडा शर्ट घालतात. दोन्हींची सरासरी तीच येते. डोक्याला हेल्मेट घालावं की दुपट्टा बांधावा यावर मतभेद आहेत. हेल्मेट घालून सायकल चालवणारा माणूस दिसला, तर पोरं मागे धावतात. दुपट्टा तोंडावरून घट्ट बांधला, तर ऊन, धूळ आणि ओळखीची माणसं, तिन्हींपासून बचाव होतो.

हंगामाचं म्हणाल तर मे महिन्याचं नाव काढू नका. पारा पंचेचाळीसच्या वर असताना सहज या शब्दाला जागा उरत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं आणि मग सायकल खांद्यावर घेऊन फिरण्याचा वेगळा व्यायाम होतो. राहता राहिला हिवाळा. त्यात सराटे आणि बाभळीचे काटे वाळून कडक झालेले असतात, म्हणून पंक्चरवाला जिथे बसतो तिथून सायकल ढकलत नेता येईल एवढ्याच अंतरावर फेरी काढावी. टायरात किती हवा मारावी यावर परदेशी सायकलपटू फार चर्चा करतात. आपल्याकडे अंगठ्यानं दाबून पाहतात आणि "हो गया" म्हणतात.

मार्ग सोपा आहे. गावातून निघून गणेशपूरच्या पुलाकडे यावं. पुलावर थांबून नदी पाहण्याचा मोह होईल. आधी मागे पाहावं. स्कूटरवरून येणारा भाविक निर्माल्य पिशवीसकट सोडतो आणि त्याचा नेम नेहमीच चांगला असतो असं नाही. उन्हाळ्यात नदीत पाणी दिसलं, तर ते बहुधा नवरगाव धरणातून गावाची तहान भागवायला सोडलेलं असतं. यात कमीपणा मानायचं कारण नाही. अहमदाबादेत साबरमतीच्या ज्या देखण्या घाटावर लोक सायकल चालवायला जातात, तिथलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. म्हणजे उसन्या पाण्याच्या बाबतीत अहमदाबाद आणि वणी एका पातळीवर आहेत. फरक काय तो घाटाचा.

पुलावरून खाली उतरलं की जी पायवाट लागते ती कोणी बांधलेली नाही. ती म्हशींनी पाडली आहे, म्हणून तिच्यावर पहिला हक्क त्यांचा. म्हैस समोरून आली तर घंटी वाजवू नये. घंटीनं ती थांबते, आणि थांबलेली म्हैस ही चालत्या म्हशीपेक्षा मोठी अडचण आहे. उतरावं, बाजूला व्हावं, मोबाईल पाहत असल्यासारखं करावं.

बेशरम जिथे वाटेवर आडवं आलंय, तिथे इतिहासाची आठवण काढून श्वास घ्यावा. लोकनायक बापूजी अणे हे वणीचेच, जन्म 29 ऑगस्ट 1880. त्यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. आज त्यांच्याच गावात कोणी विळा घेऊन नदीकाठ साफ करायला उतरला, तर अटक सोडाच, नगरपरिषद सत्कार करील. तरी कोणी उतरत नाही. सत्याग्रहाला समोर सरकार लागतं. बेशरमपुढे सत्याग्रह कसा करायचा हे बापूजींनी लिहून ठेवलेलं नाही.

ज्यांना लांबची फेरी हवी, त्यांनी वरोरा रस्त्यानं पाटाळ्यापर्यंत, वर्धा नदीच्या पुलाकडे जाण्याचा विचार करावा. निव्वळ विचार. रस्त्यावर कोळशाचे ट्रक आहेत आणि त्यांच्या दृष्टीनं सायकल हा रस्त्याच्या कडेचाच भाग आहे. पुलापलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो, म्हणजे सायकलवरून जिल्हा ओलांडल्याचं सांगता येतं, हा एकच लाभ. पावसाळ्यात तोही नाही: जुलै 2022 च्या पुरात हा पूल पाण्याखाली गेला आणि रस्ता बंद पडला.

मग वणीला खरीखुरी, आखीव सायकलवाट नको का, असं कोणी तावातावानं विचारील. ब्रिटिशांच्या काळी जिल्ह्याचं नावच वणी होतं. 1905 मध्ये ते यवतमाळ झालं. आमच्यातले काही अजून मानतात की नाव राहिलं असतं तर एव्हाना सगळं झालं असतं. त्यांना पवईची गोष्ट सांगावी. मुंबईत पवई तलावाकाठी महापालिकेनं सायकलवाट बांधायला घेतली आणि मे 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवून काढून टाकायला लावली. आधी तलावात भर, मग ती उचलण्याचा खर्च. वणीनं काहीच न बांधून न्यायालयाचा केवढा तरी वेळ वाचवला, याची कुठे नोंद नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. फेरी संपवून तुम्ही पोह्यांच्या गाडीवर याल, पोह्यांवर तर्री मागाल, शुगरवाला माणूस दुसरी प्लेट कशी घेतो असं शेजारचा विचारील, तेव्हा तोंड बंद ठेवणं जड जाईल. सकाळी काठावर खंड्या पाहिला, हवा गार होती, ट्रकचा आवाज ऐकू येत नव्हता, हे सांगावंसं वाटेल. सांगू नये. त्या गाडीवर ठेकेदारही पोहे खातात. नदीकाठ रम्य आहे ही बातमी एकदा फुटली, की आधी भूमिपूजनाचा मंडप पडतो, मग म्हशींच्या वाटेवर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, चकचकीत रेलिंग, 'आय लव्ह वणी' अशी दिव्यांची अक्षरं आणि सायकलींना मनाई असल्याचा फलक. तेव्हा कोणी विचारलंच, तर डास फार आहेत म्हणावं आणि तर्री वाढवून घ्यावी.