हाडाच्या आकाराचा मैदा

कुत्र्याच्या खाऊचं पाकीट हातात आलं की गिऱ्हाईक आधी पुढचं चित्र बघतं, मग एमआरपी. या दोन्हींतून मालाबद्दल काहीच कळत नाही. सत्तर ग्रॅमचं पाकीट शंभर रुपयांना मिळालं की स्वस्तात पडल्यासारखं वाटतं. किलोचा हिशेब केला तर भाव चौदाशे रुपये निघतो. मटणापेक्षा महाग, आणि आत निम्म्याहून जास्त मैदा असू शकतो.

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. बाजार समितीत सोयाबीनचं पोतं उघडतात, मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतात आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर दिसला की भाव पाडतात. २०२४ च्या नोव्हेंबरात हमीभावाच्या खरेदीसाठी केंद्राने ही मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली, तेव्हा त्या तीन टक्क्यांची किंमत इथल्या घराघरात माहीत होती. मग खाऊ घेताना पाकीट उलटं का करत नाही? बहुतेक पाकिटांवर मागे ओलाव्याचा टक्का छापलेला असतो. मऊ, चिवट तुकड्यांमध्ये तो पंचवीसपर्यंतही जातो. म्हणजे किलोमागे पाव किलो पाणी, तेही चौदाशेच्या भावाने.

वजन-मापाच्या नियमांनी आता एक सोय करून ठेवली आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर एमआरपीबरोबर ग्रॅममागची किंमतही छापावी लागते. अक्षर बारीक असतं, पण दोन पाकिटं शेजारी ठेवून तेवढा एक आकडा वाचला तरी कोणतं स्वस्त, याचा निकाल लागतो.

दर्जाचा निकाल लागतो घटकांच्या यादीत. ज्याचं वजन जास्त ते नाव आधी, अशी या यादीची रीत. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं किंवा मैद्याचं आणि चिकन शेवटी ‘फ्लेवर’ म्हणून आलं असेल, तर ते बिस्किट आहे, हाडाच्या आकारात कापलेलं. यादीत सोयाही असतो. तो वाईट नाही, नीट शिजवलेला सोया कुत्र्याला पचतो. पण २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, किलोला जेमतेम त्रेपन्न. तो चिकनच्या भावाने घरी आणायचं कारण नाही.

उलट बाजूनेही हिशेब करून बघा. बोनलेस चिकनमध्ये जवळपास पाऊण भाग पाणी असतं. किलोभर वाळवलं तर हाती पाव किलोच्या थोडं वर येतं. चिकन तीनशे रुपये किलो धरलं, तर वाळवलेल्या मांसाचा नुसता कच्चा खर्च हजाराच्या वर जातो. त्यामुळे शंभर ग्रॅम ‘शुद्ध चिकन’ कोणी साठ रुपयांना देत असेल, तर त्यात शुद्ध चिकन नाही. इथे स्वस्त हाच पुरावा आहे.

महाग मात्र पुरावा नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याची कोट्यवधी पाकिटं बाजारातून परत घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं. प्रथिनं मोजतात ती नायट्रोजनवरून, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. तपासणीत टक्का फुगला, जनावरांची मूत्रपिंडं निकामी झाली. एकाच कारखान्यातून नामांकित आणि साधे, दोन्ही शिक्के बाहेर पडत होते. त्याच वर्षापासून चिनी चिकन जर्कीबद्दलही, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दल, तक्रारी येऊ लागल्या. २०१४ पर्यंत हजारावर कुत्री दगावल्याच्या नोंदी अमेरिकेच्या एफडीएकडे आल्या, आणि नेमकं कारण सापडलं नाही.

आपल्याकडे तर राखणच ढिली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायद्याने ‘अन्न’ या शब्दातून जनावरांचं खाद्य वगळलं आहे. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ११९६८, पण ते पाळणं कंपनीच्या मर्जीवर. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा याच पाकिटांवर अठरा टक्के कर बसला. ग्राहकाकडून अठरा टक्के घेणाऱ्या सरकारने पाकिटात काय आहे ते तपासायची हमीही घेतली पाहिजे. हे मानक सक्तीचं करा, ही मागणी ग्राहक पंचायतींनी लावून धरावी.

पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा हा यावर उपाय नाही. मैदा, साखर, पाम तेल, याच क्रमाने. पन्नास ग्रॅमच्या पुड्यात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी असतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला लागतात सहाशेच्या आसपास, आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवावा असं पशुवैद्य सांगतात. चहाच्या टपरीवर मायेने फोडलेला एक पुडा म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा, निव्वळ साखर-मैद्याचा. रात्री जागलीला जाऊन रोही आणि रानडुकरं हाकणारं वावरातलं कुत्रं ज्वारीच्या भाकरीतली कॅलरी पळून जिरवतं. कूलरसमोर पडून राहणारं लॅब्राडोर कुठे जिरवणार?

पांढरंशुभ्र चामड्याचं हाडूक तर घेऊच नका. कातडीचा आतला थर रसायनांनी साफ करून ते बनवतात. तुकडा गिळला की पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो. मग अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेपर्यंतची धावपळ, आणि ऑपरेशनच्या खर्चात वर्षभराचा खाऊ आला असता.

घरी करायचं तर कोंबडीची कलेजी पाण्यात पूर्ण शिजवा, नखाएवढे तुकडे करा, मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कोरडे करा. मीठ नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. उन्हात नुसती वाळवू नका, माश्या बसतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. रोज दोन-तीन तुकडे पुरे, कारण कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं. ज्या घरात मांस शिजत नाही, तिथे गाजराचे काप, बिनमिठाचं पनीर, कडक भाजलेल्या भाकरीचा तुकडा. कुत्र्याला आवडतो तो हातातून मिळणारा घास, त्याच्या आकाराशी त्याला देणंघेणं नसतं. मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली ‘शुगर फ्री’ बिस्किटं मात्र त्याच्यासाठी विष आहेत. घरात लहान पोरं असतील तर त्यांना हे आजच सांगून ठेवा.