ग्रॅमराव

वहिनींचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ग्रॅमरावांच्या ताब्यात गेला, तेव्हापासून त्यांच्याकडे केक झालेला नाही. काटा आणला होता मैदा मोजायला. त्यावर आता सीट, पेडल, चेन, टायर, बाटलीचा स्टँड अशी मंडळी चढून उतरून गेली आहेत. एका रविवारी, माझा चहा गार होत असताना, त्यांनी आधी हवा काढलेल्या चाकाचं आणि मग हवा भरलेल्या चाकाचं वजन करून दाखवलं. फरक सहा-सात ग्रॅमचा निघाला. "म्हणजे बघा," ते गंभीरपणे म्हणाले, "हवा भरली की सायकल जड होते." न भरता चालवून बघा, हे ओठावर आलं होतं, पण ते बघतीलही.

नाव अर्थातच ग्रॅमराव नाही. ते सोसायटीने ठेवलंय, खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीपुरतं उरलंय. तुमच्या इमारतीतला तुम्हाला माहीत असेलच. पहाटे साडेपाचला लिफ्टमध्ये खटखट वाजणारे बूट, बघणाऱ्यालाच अवघडायला होईल अशी घट्ट चड्डी, आणि शेजारी मागच्या चाकावर उभी केलेली सायकल. ती पार्किंगमध्ये राहत नाही. ती हॉलमध्ये राहते, पाहुणे बाल्कनीत बसतात.

सायकलच्या दुनियेत वजन उतरलं की किंमत चढते. ग्रॅमरावांनी लोखंडी स्क्रू काढून टायटॅनियमचे बसवले. जर्सीच्या आतलं धुलाईच्या सूचनांचं लेबल कापून टाकलं. सूचना गेल्यामुळे वहिनींनी ती गरम पाण्यात टाकली आणि ती आटली. ग्रॅमरावांनी आटलेल्या जर्सीचं वजन केलं. तेवढंच भरलं. त्यांना फार वाईट वाटलं.

सायकलच्या जागतिक संघटनेचा २००० सालापासूनचा नियम आहे, शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. ग्रॅमरावांची नऊ किलोच्या आसपास आहे आणि ते जन्मात एकाही शर्यतीत उतरलेले नाहीत. तरी नवीन भाग मागवण्याआधी "नियमाच्या खाली तर जाणार नाही ना?" अशी चिंता ते माझ्यापाशी बोलून दाखवतात. काटा पाच किलोच्या पुढे जात नाही, म्हणून सायकल सुटी करायची, तुकडे तोलायचे आणि बेरीज मारायची. स्वतः ग्रॅमराव सुटे होत नसल्यामुळे त्यांच्या वजनाचा विषय आजवर निघालेला नाही. सिंहगड चढून गेले की वर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही होतं. याला ते 'रिकव्हरी' म्हणतात.

अशा माणसाने एका संध्याकाळी मला आत बोलावलं, काटा शून्यावर आणला आणि त्यावर एक मासिक ठेवलं. आकडा अर्ध्या किलोच्या बराच पुढे गेला. मी सांत्वनाच्या तयारीने चेहरा केला, तर ग्रॅमरावांचा आवाज भरून आलेला. "बघितलंत? याला म्हणतात कागद!"

आयुष्यभर हलकेपणासाठी पैसे मोजणारा हा गृहस्थ जडपणासाठीही तितक्याच आनंदाने पैसे मोजत होता.

मासिक लंडनचं, 'रूलेर' नावाचं, २००६ साली निघालेलं. तिकडे सायकलच्या नियतकालिकांना तोटा नाही. 'सायकलिंग वीकली' तर १८९१ पासून चालू आहे. पण ही बरीचशी मंडळी संसारी. कोणता पंप घ्यावा, पोटऱ्या कशा कमवाव्यात, पावसात काय घालावं. 'रूलेर'ने जाड कागद, पानभर फोटो आणि संपता संपत नाहीत असे लेख, हा रस्ता धरला. पंपाची चौकशी करणारा मुळी त्यांचा गिऱ्हाईकच नव्हे. एका अंकाला दहा पौंडांच्या पुढे पडतात, टपालाने मागवला तर टपालाचे वेगळे. म्हणून ग्रॅमराव माणसं हेरतात. लंडनहून कुणाचा मुलगा कधी येतोय, हे त्याच्या आईच्या आधी त्यांना कळतं. पोराच्या तेवीस किलोंच्या बॅगेत अंक येतो आणि जाताना त्याच जागेत बाकरवडी जाते. वजनास वजन. काटा हातात असतोच.

अंक घरात आला की पाहुण्याला पहिला प्रश्न, "हात धुतलेत?" दुसरा, "पुसलेत?" मग पानाचा वरचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळायचा. "वाचू नका हो, आधी कागद बघा!" मी कागद बघतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बघितलाय, गॅसवाल्याने बघितलाय. गॅसवाल्याला तर हात धुवायला साबण देण्यात आला होता.

एकदा मी म्हणालो, "अहो, हे सगळं मोबाइलवर फुकट दिसतं की. दर अंकाला बाराशे रुपये कशाला?"

ही चूक नवख्याने करावी. ग्रॅमराव खुर्चीत मागे रेलले आणि १९०३ साली गेले. टूर द फ्रान्स ही शर्यत, म्हणाले, सायकलसाठी निघालीच नाही. ती निघाली पेपर खपवायला. पॅरिसमध्ये हिरव्या कागदावर छापलं जाणारं 'ल व्हेलो' नावाचं क्रीडा दैनिक जोरात होतं. त्याच्याशी टक्कर द्यायला पिवळ्या कागदावरचं 'लोतो' निघालं, पण खप हलेना. तेव्हा संपादक देग्रांज यांच्या एका तरुण सहकाऱ्याने जेवता जेवता कल्पना काढली, अख्ख्या देशाला वळसा घालणारी शर्यत घेऊ. साठ जण निघाले, एकवीस पोचले, आणि पहिला आला मोरिस गारँ, जो एकेकाळी घरांची धुराडी झाडून पोट भरायचा. 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला आणि पुढच्या वर्षी हिरवा पेपर बंद पडला. १९१९ साली शर्यतीत पुढे असणाऱ्याला पिवळी जर्सी द्यायला लागले, ती या कागदाच्या रंगाची. इटलीत 'गाझेत्ता' हा गुलाबी कागदाचा पेपर, त्याने १९०९ साली 'जीरो' ही शर्यत सुरू केली. तिथे १९३१ पासून जर्सी गुलाबी. "म्हणजे आधी कागद," ग्रॅमरावांनी टेबलावर बोट आपटलं, "मग सायकल!"

"त्या पिवळ्या कागदाचं वजन किती हो होतं?" मी विचारलं.

ते जरा खट्टू झाले. "पातळच असणार."

पातळच होता. पेपर कामगारांनी घ्यायचा होता. अख्खी शर्यत कुणाला डोळ्यांनी दिसत नव्हती, घाटात काय झालं ते दुसऱ्या दिवशी वाचायचं. त्याच १९०९ साली आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. अंक महाग झाले हो, हे वाक्यही बहुधा त्याच दिवाळीत जन्मलं असावं. आपल्या लोकांनी त्यावर उपाय काढला तो वाचनालयाचा. ग्रॅमरावांना मी तोही सुचवून पाहिला. अंक चार घरांत फिरेल या कल्पनेने त्यांनी मासिक छातीशी धरलं.

तरी एक अंक त्यांनी मला दोन दिवसांसाठी दिला, देताना मुखपृष्ठाची दोन्ही टोकं तपासून. त्यात एक लेख न्हाणीघरावर होता. थट्टा नाही. पॅरिस-रूबे ही १८९६ पासूनची शर्यत, उत्तर फ्रान्समधल्या ओबडधोबड दगडी रस्त्यांवरून जाते आणि रूबेच्या जुन्या वेलोड्रोममध्ये संपते. तिथलं न्हाणीघर म्हणजे सिमेंटचे कमरेएवढे कप्पे, आणि कप्प्याकप्प्यावर जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पाटी. एवढ्या मजकुरावर पानामागून पानं. तिसऱ्या पानापर्यंत मी हसत होतो. चौथ्यावर एक खेळाडू त्या कप्प्यात बसलेला. चेहऱ्यावर वाळलेला चिखल, फक्त चष्म्याची जागा गोरी, हात गुडघ्यांवर पालथे टाकलेले, नळ सोडायचंही त्राण नाही. मागच्या पाटीवरचं नाव ज्याचं, तो कधीचाच गेलेला असणार. मोबाइलवर हा फोटो अंगठ्याखालून कधीच निघून गेला असता. त्या पानावर मी थांबलो, आणि बाराशेतले चारशे रुपये मनातल्या मनात वसूल मांडले.

उरलेल्या आठशेंचं मात्र जमेना. पुढच्या पानावर मनगटी घड्याळाची जाहिरात होती, त्यापुढे कॉफीच्या यंत्राची, त्यापुढे सायकलची. या सायकलींच्या किमती आपल्या पैशात दहा-बारा लाखांपर्यंत जातात. गारँच्या कष्टांची, खाणकामगारांच्या गावांतून जाणाऱ्या त्या दगडी रस्त्यांची वर्णनं मोठी सुरेख केलेली असतात. वाचायला परवडतात ती बँकेतल्या मोठ्या साहेबांना. धुराडी झाडणाऱ्या माणसाने हा अंक उघडला, तर त्याला आपल्याबद्दल बरंच काही नव्याने कळेल, फक्त त्याला तो उघडायला मिळणार नाही.

आणि ग्रॅमराव काही बँकेतले मोठे साहेब नव्हेत. मुलीचं इंजिनिअरिंग आहे, फ्लॅटचा हप्ता आहे. दहा लाखांची सायकल ते घेणार नाहीत, हे त्यांना माहीत आहे आणि वहिनींना तर अधिकच. त्या सगळ्या दुनियेत त्यांना सबंध विकत घेता येण्यासारखी एकच वस्तू निघते, ती हा अंक. उद्या कुणी मला विचारलंच की हे मासिक पैसे टाकण्याच्या लायकीचं आहे का, तर मी विचारीन, तुमच्याकडे दहा लाख आहेत का? असतील तर नका घेऊ.

दिवाळीच्या आवराआवरीत वहिनींनी रद्दीवाल्याला वर बोलावलं. पेपरच्या गठ्ठ्यात त्यांनी सफाईने पलंगाखालचे अंकही सरकवले होते. रद्दीवाल्याने एक अंक उचलला, पानाचा वरचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला आणि हलकेच चोळला. दारात येऊन उभे राहिलेले ग्रॅमराव जागच्या जागी खिळले. न शिकवता कागद बघणारा पहिला माणूस त्यांना भेटला होता.

"भारी कागद आहे साहेब."

"आहे ना!"

"पण याच्या पुड्या नाय होत. पेपरचा भाव नाय मिळायचा, निम्मा देईन."

ग्रॅमराव काही बोलले नाहीत. ते गॅलरीतून खाली बघत होते. खाली रद्दीवाल्याची काळी सायकल पोत्यांसकट उभी होती. "मागच्या चाकाला आऊट आहे," ते म्हणाले आणि चप्पल न घालताच जिना उतरले.

आम्ही मागोमाग पोचलो तोवर पोती उतरवून सायकल उलटी झाली होती. एका हाताने चाक गरकन फिरवायचं, दुसऱ्या हातात खडू टेकवून धरायचा, खडूची खूण उठेल तिथल्या स्पोक चावीने इकडे पाव फेरा, तिकडे पाव फेरा. ना काटा, ना चष्मा. मी सायकल धरायला पुढे झालो तर ओरडले, "हात लावू नका, दंड होईल!" हा क्रिस्तोफ. सोसायटीत तो सगळ्यांना पाठ आहे. १९१३ च्या टूरमध्ये तूर्मालेच्या उतारावर त्याच्या सायकलचा फोर्क तुटला. सायकल वागवत तो पायी डोंगर उतरला, खालच्या गावात लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क सांधला, आणि नियम असा की कुणाची मदत घ्यायची नाही. भाता एका पोराने ओढला, म्हणून त्याला वर दंड ठोकला. ग्रॅमराव ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या पंचांवर नव्याने चिडतात.

"यांच्या वडलांचं बार्शीला दुकान होतं ना," वहिनी माझ्या शेजारी हळूच म्हणाल्या. "तासाच्या भाड्याने सायकली. कॉलेजला जाईपर्यंत पंक्चर आणि आऊट हेच करायचे. सांगत नाहीत कुणाला. यांच्या एका अंकात म्हाताऱ्या मिस्त्रीचा फोटो आहे इटलीतल्या, हात काळे झालेले. तो अंक नाही टाकलेला मी रद्दीत, तो कपाटात आहे." जरा थांबून म्हणाल्या, "माझा काटा पण तिथेच आहे, मला माहितीये."

चाक सरळ फिरू लागलं. मग ग्रॅमरावांना राहवेना. रद्दीवाल्याचा हुकाचा काटा मागून घेऊन, दोघांनी मिळून सायकल त्याला टांगली. बावीस किलो. "बावीस!" ते चौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "वर रद्दी किती घालतोस?"

"साठ-सत्तर जाते साहेब." रद्दीवाल्याने चाक फिरवून बघितलं, मान डोलावली. मग गठ्ठ्यावरच्या अंकाकडे बोट केलं. "हे केवढ्याला पडतं?"

"बाराशे."

"किलो?"

"एक."

रद्दीवाल्याने आधी साहेबांकडे बघितलं, मग वहिनींकडे. गठ्ठ्यातले अंक एकेक करून वेगळे काढले, पोत्याच्या कोरड्या कोपऱ्याने वरच्याची धूळ झटकली आणि पुढे धरले. ग्रॅमरावांनी घाईघाईने हात पुढे केला, तसा त्याने अंक मागे घेतला.

"हात पुसा साहेब आधी."