बिडी संपली की

कुणी स्वतःच्या पराक्रमाची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याला गॅसवरचं दूध आठवतं. फजितीची निघाली की तोच पाट पुढे ओढून बसतो. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली, पण लक्ष्मीबाई टिळकांच्या लहानपणातले, सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील अजून आपल्या घरात वावरतात. त्या घरात मूल असणं काही गमतीचं नसणार. पण बाई सांगू लागल्या की मीठ विरघळून जातं आणि हसू तेवढं तळाशी उरतं. डिचोलीहून साखळी, चोर्ला घाट करत बेळगावकडे निघालं की लंपनचा मुलूख लागतो. प्रकाश नारायण संतांचा हा मुलगा कथेतला. तरी तो माझ्याच बाकावर बसायचा अशी माझी खात्री आहे.

माझं फजितीचं भांडवल एवढंच. पेडण्याकडचा एक दशावतारी दहीकाला, देवळासमोर अंथरलेली चटई, मुठीत खाजं आणि वय वर्षं सहा. मध्यरात्री काळ्या कपड्यांतला राक्षस, संकासुर, थेट माझ्यापुढे येऊन म्हणाला, “खंय रे चललंस?” मी कुठेच चाललो नव्हतो, पण त्यानं विचारल्यावर निघालो. आईकडे जायचं सोडून शिरलो पडद्यामागे. तिथे पेटाऱ्यावर साक्षात विष्णू बिडी ओढत बसलेला. माझी ओली चड्डी बघून तो शांतपणे म्हणाला, “भिया नको. बिडी संपली की मारतंय तेका.” इतकं ठाम आश्वासन मला पुढे कुठल्याच देवानं दिलं नाही.

ही गोष्ट डिचोलीचे मामा प्रत्येक लग्नात सांगत आणि मी मांडवाबाहेर पळत असे. पुढे मीच सांगू लागलो. आधी चड्डी गाळून, आता चड्डीपासूनच. लोक हसतात, मग जरा थांबून आपापली चड्डी काढतात, म्हणजे गोष्टीतली. फक्त त्या सहा वर्षांच्या पोराला मी कधी विचारलं नाही, सांगू का म्हणून.

गेल्या कार्तिकात पुन्हा काल्याला गेलो होतो. संकासुर आला, एक पोरगा किंचाळत माझ्या मांडीवर येऊन आदळला, आणि भोवतीची चटई हसली. मीही हसणार होतो. पण त्यानं माझा सदरा घट्ट धरला होता, खाज्याच्या चिकट हातांनी. मी पडद्याकडे बघितलं. विष्णू अजून यायचा होता.