मुदत तीन वर्षांची

परमुलुखात जाऊन वसणाऱ्याने तेथील भाषा शिकावी, की तेथील समस्त रयतेने त्याची भाषा शिकावी, या जटिल प्रश्नाचा निकाल गोव्यातील पोर्तुगीज सरकारने १६८४ साली फार सोयीस्करपणे लावला. वास्तविक १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी इथल्या भाषा अशा निष्ठेने आत्मसात केल्या होत्या, की १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. परंतु विभक्तिप्रत्ययांशी चालणारी असली झुंज प्रत्येक पाद्र्याच्या प्रकृतीस मानवेल, असे थोडेच आहे? तेव्हा फ्रान्सिस्कन पंथीयांच्या आग्रहास्तव विजरई कोंदे द आल्व्होर यांनी फर्मान काढले, की रयतेने देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या मुदतीत पोर्तुगीज बोलू लागावे. मूठभर जिव्हांना पडणारे श्रम सबंध प्रजेच्या जिव्हांवर वाटून देणारी ही जमाबंदी (तीही बिनसुटीची!) पाहून कोणत्याही कसलेल्या कारकुनाने मान डोलवावी. मुदत १६८७ साली संपली; आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी, १९८७ साली, गोव्याच्या विधानसभेने राजभाषा म्हणून कोंकणीस कायद्याने मान्यता दिली.