जोड्या जुळवा : मालिका पाहणाऱ्यांसाठी वादाचं सुलभ मार्गदर्शन

लग्नं जुळवण्याचं काम पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी करत. पुढे मुलं-मुली आपापलं जमवून मोकळी होऊ लागली आणि या मंडळींचा इतक्या वर्षांचा अनुभव नुसता पडून राहिला. तो पुन्हा कामाला लावण्याचं श्रेय मालिकांना द्यायला हवं. मालिकेतल्या मुलीला कितीही सल्ले द्या, ती उलटून बोलत नाही. तिचं कोणाशी जमावं आणि किती भागांत जमावं, एवढ्या दोनच प्रश्नांवर घराघरांत वाद चालतात. ते शिस्तीत व्हावेत म्हणून हे मार्गदर्शन.

ते लिहिलं आहे हैदराबादच्या मराठी घरांसाठी. कारण उघड आहे. काचीगुडा-बरकतपुऱ्याकडे एकाच संध्याकाळी तीन भाषांत संसार मोडतात. आत्या स्टार प्रवाह लावते, शेजारच्या वदिनगारूंचा स्टार मा भिंतीपलीकडून ऐकू येतो आणि भाची कानात इअरफोन घालून सोलमध्ये असते. इतका कच्चा माल पुण्यात मिळत नाही. शिवाय विरहाचा ट्रॅक इथल्या मंडळींना शिकवावा लागत नाही. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, निम्मे नातेवाईक नांदेड-परभणीला आणि निम्मे इकडे राहिले. तेव्हापासून नांदेडच्या गाडीची वाट पाहणं चालू आहे. एवढा लांब ट्रॅक अजून कुठल्याही चॅनेलला जमलेला नाही.

१. आधी पाया पक्का करा

नवशिक्यांनी सुरुवात ‘कार्तिक दीपम’पासून करावी. स्टार मा वर ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०२३, पंधराशेहून अधिक भाग. डॉक्टर कार्तिक आणि सावळी दीपा यांचं लग्न होतं. मोनिता नावाची डॉक्टरीण कार्तिकच्या मनात भरवते की त्याला मूल होणं शक्य नाही. दीपाला दिवस जातात. कार्तिक संशय घेतो. दीपा घर सोडते, स्वयंपाकाची कामं करते, लोक तिला ‘वंटलक्का’ म्हणतात आणि ती त्याला ‘डॉक्टरबाबू’ म्हणत राहते.

इथे पहिला मुद्दा नोंदवून ठेवा : नायक डॉक्टर आहे. दुसरा मुद्दा : भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंगची पद्धत उभी राहिली ती याच शहरात, सीसीएमबीमध्ये, डॉ. लालजी सिंग यांच्या हातून. त्या विषयाची स्वतंत्र संस्था, सीडीएफडी, तीही इथेच उप्पलला. बरकतपुऱ्याहून ऑटोवाल्याला सांगितलं तर तो मीटरबद्दल भांडेल, पण पोचवेल. डॉक्टरबाबूला मात्र या चाचणीचं काही केल्या जमेना. तेलुगू माणसाने त्यावर इतके मीम केले की मालिका न पाहणाऱ्यांनाही डीएनए म्हणजे काय ते कळलं. विज्ञानप्रसाराचं एवढं काम भल्याभल्या संस्थांच्या हातून होत नाही.

२. पक्ष दुसऱ्या भागातच घ्या

पुरावा गोळा होईपर्यंत थांबणं हा न्यायालयाचा धर्म आहे, प्रेक्षकाचा नव्हे. दुसऱ्या भागात पक्ष घ्यावा आणि शेवटपर्यंत बदलू नये. माहिती वाढली की मत बदलणारा माणूस वादात कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

कोरियन मालिकेत नायिकेमागे बहुधा दोघे असतात. पहिला नायक उद्धट, गोंधळलेला किंवा दोन्ही असतो. दुसरा समंजस असतो. तिला सर्दी झाल्याचं त्याला तिच्याआधी कळतं, दिलेल्या वेळेला तो येतो, आवाज चढवत नाही. थोडक्यात, ज्याला आपण आपल्या घरात जावई म्हणून आणला असता तो. त्याचं जुळत नाही. त्याच्यासाठी जीव तुटणं या प्रकाराला भाचीच्या पिढीत ‘सेकंड लीड सिंड्रोम’ म्हणतात. औषध नाही, पुढच्या मालिकेपर्यंत आपोआप उतरतो.

अभ्यासासाठी २०२० सालची ‘स्टार्ट-अप’ घ्या. खाली दिलेला संवाद एका रविवारी दुपारचा आहे. आत्या अंबाडी निवडत होती आणि भाची तिला सबटायटल वाचून दाखवत होती.

“हा कोण ग, कोटातला?”

“हान जी-प्योंग. लहानपणी तिला पत्रं यानेच लिहिली. तिच्या आजीने सांगितलं म्हणून लिहिली, पण खाली नाव दुसऱ्याचंच घातलं.”

“मग ती त्या दुसऱ्याच्या मागे कशी?”

“नाव त्याचं होतं ना.”

आत्याने एक देठ मोडला. “आणि हा करतो काय?”

“कंपन्यांमध्ये पैसे गुंतवतो. चांगलं कमावतो.”

“घरी कोण कोण?”

“कोणी नाही, आत्या. अनाथ आहे तो.”

“सासूच नाही?” आत्याच्या हातातली अंबाडी परातीत पडली. “अग, मग ती मुलगी विचार कसला करतेय?”

एका वाक्यात पक्ष कसा घ्यावा याचा हा नमुना. भाची मात्र दुसऱ्या बाजूला होती. तिच्या गच्चीबावलीच्या ऑफिसात एकाने लिहायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं याला प्रेमकथा म्हणत नाहीत, अप्रेझल म्हणतात. आणि तिथे जी-प्योंगसारख्याने मुकाट्याने सोसलं तर तिला त्याची दया येण्याऐवजी संताप येतो. “बोलला का नाही मग?” हा तिचा एकच प्रश्न. त्याला आत्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने चहा टाकला.

याहून वरच्या इयत्तेसाठी ‘रिप्लाय १९८८’ आहे. २०१५-१६ साली आलेल्या या मालिकेत नायिकेचा नवरा कोण होणार हे कोडं वीस भागांपैकी बहुतेक भाग उलगडत नाही. शेजारचा जुंग-ह्वान की पटावरचा खेळाडू तेक, यावर कोरियात तट पडले होते. निकाल इथे सांगत नाही. आपल्या घरात अजून कोणी तिसऱ्या भागावर असेल तर दोष आमच्यावर यायला नको.

३. गतीचं गणित

“फार संथ आहे बाई” एवढंच म्हणू नका. तुलनेचे आकडे तोंडपाठ ठेवा.

कोरियन मालिका साधारण सोळा भागांची. पहिल्यात टक्कर, आठव्याच्या आसपास कबुली, चौदाव्यात जुनं काहीतरी उकरून ताटातूट, पंधराव्यात ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी, सोळाव्यात सगळं ठीक. भाची नारायणगुड्याला मेट्रोत बसते, परेड ग्राउंडला गाडी बदलते आणि रायदुर्गला उतरेपर्यंत एक भाग जवळजवळ संपवते. म्हणजे एक प्रेमप्रकरण कामाच्या सोळा दिवसांत निकालात निघतं.

पाकिस्तानी ‘हमसफर’ २०११ साली सुरू झाली. तिथेही सासूचं कारस्थान, नवऱ्याचा संशय, गरोदर बायको घराबाहेर आणि पुढे मुलगी हेच सगळं. पण तेवीस भागांत, आठवड्याला एक. मलकपेटच्या आपा आमच्याकडे आल्या की हे आवर्जून ऐकवतात : “तेईस हफ्त्यां में निपटा दिये ना? तुम लोगां कायकू इत्ता खींच रैं?” यावर मराठी-तेलुगू एकजुटीने गप्प बसावं लागतं. चीनमध्ये तर २०२० साली सरकारी नियामकानेच फर्मावलं की मालिका चाळीस भागांच्या आत ठेवा, जमल्यास तिसाच्या. तिथे वंटलक्काला उकळी यायच्या आत गॅस बंद करावा लागला असता.

उलट टोकाचं उदाहरण घरचंच आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. ‘नावात चार दिवस’ हा विनोद करू नका, समोरचा तो ऐकून कधीच हसून झालेला असतो. आणि हैदराबादकरांनी तर जपूनच बोलावं. ती मालिका दाखवणारं ई टीव्ही मराठी आपल्या रामोजी फिल्म सिटीतून चालत होतं. ताणणारे आपणच.

‘पाणी घातलंय’, ‘ट्रॅक ताणलाय’, ‘भरकटली’ हे शेरे आलटून पालटून वापरा. भिंतीपलीकडून वदिनगारूंचा “एंटी ई सागदीत!” असा आवाज आला की तो अनुमोदन म्हणून नोंदवावा.

आता गुपित. जोडी लांब ठेवल्याशिवाय वाद चालत नाही. डॉक्टरबाबूने पहिल्याच आठवड्यात चाचणी केली असती तर आत्या, वदिनगारू आणि आपा साडेसात वाजता एकमेकींना काय म्हणाल्या असत्या? ‘कार्तिक दीपम’ मूळ मल्याळम ‘करुत्तमुत्तु’वरून आली. त्याच गोष्टीची हिंदी ‘कार्तिक पूर्णिमा’ २०२०च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि लॉकडाउन लागताच दोनेक महिन्यांत संपली. तिथल्या डॉक्टरला नीट संशय घ्यायलाही सवड मिळाली नाही. त्या जोडीबद्दल आज कोणी भांडतं का?

४. प्रतिपक्षाचे प्रकार

भविष्यवेत्ता. ही जात हैदराबादेत फोफावते. कार्तिक-दीपाचीच गोष्ट मराठीत ‘रंग माझा वेगळा’ म्हणून आली, पण २०१९ साली, म्हणजे तेलुगूनंतर दोन वर्षांनी. सौंदर्या नावाची सासूसुद्धा तीच. त्यामुळे आत्याच्या दीपाचं पुढे काय होणार हे वदिनगारूंना दोन वर्षं आधी ठाऊक. त्या गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगूनही टाकत. उपाय : “मराठीत तसं दाखवणार नाहीत,” असं ठामपणे म्हणावं. दाखवलंच तर “त्यांनी तेलुगूचं उचललं,” म्हणावं.

प्रमाणवादी. पडद्यावरची केमिस्ट्री खरीच आहे असं याचं म्हणणं. याच्या हातात हुकमाचा एक्का आहे : ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधले ह्युन बिन आणि सोन ये-जिन यांनी मार्च २०२२मध्ये खरोखर लग्न केलं. त्या एका लग्नावर जगातल्या हजार जोड्यांची आशा टिकून आहे. याच्याशी वाद नको, अभिनंदन करून पुढे जावं.

‘मी बघत नाही’ काका. पेपर उघडून बसलेले असतात. त्यांचं पान उलटत नाही. मोनिता येताच “ही परवा तुरुंगात होती ना?” असं विचारतात. यांना पराभूत करता येत नाही, कारण यांनी पक्षच घेतलेला नसतो.

५. कोण कोणाबद्दल बोलतंय हे विचारू नका

हे कलम महत्त्वाचं आहे. जोडीवरचं मत क्वचितच त्या जोडीपुरतं असतं. आत्या म्हणते, “चुकला कार्तिक, पण आईचा शब्द कधी मोडला नाही त्याने.” यावर वदिनगारू म्हणतात की आईचं ऐकायचं होतं तर लग्न कशाला केलं. काकांचं पान तेवढ्यापुरतं एकदा उलटतं. भाची म्हणते, दीपाने परत जायलाच नको. जो एकदा संशय घेतो तो पुन्हा घेतो. मग आत्या बराच वेळ टीव्हीकडे बघून म्हणते, “परत नाही गेली तर जाईल कुठे? तेव्हा आम्हाला कुठे असल्या नोकऱ्या होत्या?”

‘तेव्हा’ आणि ‘आम्हाला’ हे दोन्ही शब्द मालिकेतले नाहीत, हे सगळ्यांच्या लक्षात येतं आणि कोणी दाखवत नाही. तिने हे ‘माझ्याबद्दल’ म्हणून सांगितलं असतं तर घरात चार जणांनी समजूत घातली असती, दोघांनी विषय बदलला असता. दीपाबद्दल म्हणून बोलली, त्यामुळे सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मालिका संथ चालते याचा हा उपयोग : बोलायला वेळ मिळतो. सोळा भागांत हे निघालं नसतं.

६. प्रेक्षकांचे अधिकार

प्रेक्षकाच्या हातात काहीच नसतं असं मानणाऱ्यांनी २०२२ साल आठवावं. ‘कार्तिक दीपम’वाल्यांनी कार्तिक आणि दीपा दोघांनाही अपघातात संपवलं, लीप घेतली आणि गोष्ट मोठ्या झालेल्या मुलींकडे नेली. हिशेब बरोबर होता : जुनी जोडी जाऊन नव्या दोन जोड्या आल्या. पण जुन्या जोडीवर एवढी वर्षं घालवलेला प्रेक्षक तिकडे फिरकेना. काही महिन्यांतच कार्तिक आणि दीपा दोघेही जिवंत परतले. सावित्रीने यमाच्या मागे जाऊन एक नवरा आणला. तेलुगू बायकांनी रिमोट हातात घेऊन जोडपं आणलं. २०२४ साली तर तीच जोडी, तीच नावं घेऊन दुसरी मालिका निघाली आणि दोघं एकमेकांना नव्याने अनोळखी झाली. आत्याने त्यांचं स्थळ पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं.

७. शेवट झाल्यावर

जोडी एकदाची जुळली की आनंद दाखवू नका. पाच वर्षं ताणली म्हणून रोज ओरडलेल्या माणसाने शेवटचा भाग संपताक्षणी “घाईत गुंडाळली” म्हणायचं असतं. दोन्ही तक्रारी एकाच दमात करायला हरकत नाही, दोन्ही खऱ्या असतात. एवढं करूनही कोणी पेपरामागून विसंगती दाखवलीच, तर शांतपणे विचारावं : “पण तुम्ही तर बघत नाही ना?”