खडखडीची मीमांसा

लहान मोटारीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये कामाची जी वाटणी झालेली आहे, ती न्याय्य आहे असे कोणताही निःपक्षपाती अभ्यासक म्हणणार नाही. पुढची चाके गाडी ओढतात, तीच तिला वळवतात, ब्रेक लागला की भार पुढे झुकत असल्यामुळे थांबवण्याचे ओझेही मुख्यतः तीच उचलतात, आणि हे सर्व चालू असताना इंजिन व गिअरबॉक्स यांचे वजन त्यांच्याच डोक्यावर असते. मागची चाके केवळ पाठोपाठ येतात आणि त्याबद्दल त्यांनी कधी संकोच दाखवल्याची नोंद नाही. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेली मिनी ही मोटार रचताना इंजिन आडवे ठेवून ते पुढच्या चाकांनाच जोडले आणि दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे बसवून दाखवली, तेव्हापासून लहान मोटारींच्या जगाने बहुतांशी हीच वाटणी मान्य केली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिलेली मारुती ८०० ही त्याच विचाराची. तिने भारतीय मध्यमवर्गाला परवडणारी मोटार दिली आणि मोटारीबरोबर चिंतेचा एक टिकाऊ विषयही दिला, तो म्हणजे पुढून येणारा आवाज.

या आवाजाची मीमांसा करण्यापूर्वी त्याच्या वसतिस्थानाचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. चाक गाडीला नुसते घट्ट बसवून चालत नाही, कारण त्याला एकाच वेळी फिरायचे, वरखाली व्हायचे आणि डावीउजवीकडे वळायचेही असते. जनरल मोटर्समधून फोर्डमध्ये गेलेल्या अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने यासाठी जो उपाय योजला आणि जो १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांमुळे प्रसिद्धीस आला, त्याला स्ट्रट म्हणतात. स्ट्रट हा एक उभा खांब असून त्यात धक्का झेलणारी स्प्रिंग आणि धक्का झेलून झाल्यावरही नाचत राहणाऱ्या त्या स्प्रिंगला आवर घालणारी तेलाची नळी एकत्र असतात. या नळीला गॅरेजात शॉकअप असे सुटसुटीत नाव आहे. खांबाचे वरचे टोक रबरी माउंटिंग आणि बेअरिंग यांच्यामार्फत गाडीच्या अंगाला टेकते, तर खालचे टोक चाकाचा हब धरणाऱ्या ओतीव लोखंडी तुकड्याला, म्हणजे नकलला, बोल्टांनी बांधलेले असते. नकलला खालून लोअर आर्म नावाची भुजा धरून ठेवते, जिच्या बाहेरच्या टोकाला खोबणीत फिरणारी लोखंडी गोळी, म्हणजे बॉल जॉइंट, आणि आतल्या टोकाला रबराचा बुश असतो. स्टिअरिंग फिरवले की त्याच्या दांड्याच्या टोकाचे छोटे दातेरी चाक रॅक नावाच्या आडव्या दातेरी दांड्याला सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना रॅक एंड, त्यापुढे टाय रॉड एंड, आणि शेवटी चाक, अशी आज्ञेची वाटचाल असते.

कमी भाग, कमी वजन, कमी खर्च आणि इंजिनाला भरपूर जागा, असे या रचनेचे चार गुण ग्रंथांत दिलेले असतात. पाचवी गोष्ट ग्रंथकार सहसा सांगत नाहीत, ती अशी की भाग कमी केल्याने कामे कमी होत नाहीत. मारुती ८०० मध्ये या काटकसरीचा कळस झाला आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मना जोडणारी एक वाकवलेली कांब असते, जिला पुस्तकात स्टॅबिलायझर बार आणि गॅरेजात जंपिंग रॉड म्हणतात. या गाडीत तिच्याच गळ्यात लोअर आर्मला पुढेमागे सरकू न देण्याची जबाबदारीही टाकलेली आहे. परिणामी तिच्या टोकाचा क्षुल्लक किमतीचा रबरी बुश झिजला की ब्रेक लावताच चाक किंचित मागे सरकते, ब्रेक सोडताच पुढे येते, आणि दोन्ही वेळा ‘टक्’ असे म्हणून आपली हालचाल जाहीर करते.

जुन्या गाड्यांची रीत वेगळी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीच्या पुढच्या सांध्यांना ग्रीस भरण्यासाठी निपल असत आणि ठरावीक अंतर धावल्यावर ग्रीसगन लावून त्यांना खुराक द्यावा लागे. आधुनिक बॉल जॉइंट या पराधीनतेतून मुक्त झाला असून तो आयुष्यभरासाठी सीलबंद केलेला असतो. हे आयुष्य गाडीचे नसून त्याचे स्वतःचेच, हा खुलासा पहिले रबरी टोपण फाटल्यावर होतो, कारण त्या फटीतून ग्रीस बाहेर आणि पावसाचे पाणी व धूळ आत, असा व्यवहार सुरू झाला की आयुष्य संपण्यास फार अवधी लागत नाही. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या संगतीत हा व्यवहार अधिक उत्साहाने चालतो.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळता येईल. त्याचे वर्गीकरण शक्य आहे आणि काही प्रमाणात उपयुक्तही आहे. बारीक खाचखळग्यांवरून सावकाश जाताना सुटी, हलकी खडखड ऐकू आली तर संशय प्रथम जंपिंग रॉडच्या बुशांवर, आणि ज्या गाड्यांत त्या रॉडला जोडणारी लिंक असते तेथे त्या लिंकवर घ्यावा. खड्ड्यात चाक पडताच एकच जड ठोका बसला तर स्ट्रटचे माउंटिंग किंवा तेल गळून रिकामा झालेला शॉकअप. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग करकरली व मध्येच उडी मारल्यासारखी झाली तर माउंटिंगमधले बेअरिंग. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना लयीत कटकट होत असेल, तर दोष सस्पेंशनचा नसून चाकाला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या एक्सलच्या बाहेरच्या सांध्याचा समजावा. या वर्गीकरणातील खेदजनक भाग हा की आवाजाची मोठाई आणि धोक्याची मोठाई यांचा एकमेकींशी संबंध नाही. बुश गल्लीभर बोंब मारतो आणि त्यापासून सहसा कोणाच्या जिवाला अपाय होत नाही; ज्याची गोळी खोबणीतून निसटली तर चाकच कोलमडून पडते, तो बॉल जॉइंट मात्र कधीकधी शेवटपर्यंत सभ्यपणे गप्प असतो.

वर्गीकरण कागदावर सोपे वाटले तरी मोटारीचे अंग पत्र्याचे असल्याने डावीकडचा आवाज उजवीकडून, आणि खालचा आवाज डॅशबोर्डमधून ऐकू येतो. त्यामुळे रोग रेड्याला आणि औषध पखालीला हा प्रकार या क्षेत्रात अपवाद नसून प्रचलित उपचारपद्धती आहे. शिवाय आवाज हा स्वभावाने लाजाळू असून मालक एकटा असताना तो मुक्तपणे बोलतो, पण मेकॅनिक शेजारी बसून ‘ट्रायल’ घेऊ लागला की मौन धारण करतो. अशा वेळी मालक काचा खाली करून, रेडिओ बंद करून, मान तिरकी करून गाडी मुद्दाम खड्ड्यांतून नेतो, आणि एरवी जो खड्डा पाहून महानगरपालिकेचा उद्धार केला असता तोच खड्डा पुरेसा खोल नाही म्हणून हळहळतो. स्पीडब्रेकर मात्र या परीक्षेत दगा देत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येईल असा, सौम्य उताराचा असावा. सोसायटीच्या कार्यकारिणीने एका रविवारी सिमेंटच्या दोन पाट्या ओतून सिद्ध केलेला उंचवटा हे मानक वाचून केलेला नसतो आणि म्हणूनच निदानासाठी तो अधिक विश्वसनीय ठरतो.

शास्त्रीय तपासणीची पद्धत याहून शांत आहे. गाडी जॅकवर उचलून अधांतरी चाक घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले असता ते डुगडुगले तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड सैल आहे. बारा आणि सहाच्या जागी डुगडुगले तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. आणि बुशांची परीक्षा टॉमी, म्हणजे चपट्या टोकाचा लोखंडी दांडा, मध्ये घालून उचकटून करावी लागते. या तपासणीतून बहुधा एवढेच निष्पन्न होते की सर्वच थोडेथोडे सैल आहे. येथे प्रस्तुत विषयातील मूळ सिद्धान्त सांगणे प्राप्त आहे: पुढच्या भागातील झीज ही सामायिक असते, आणि त्यांतील सर्वांत सैल भाग बोलत असतो म्हणून बाकीच्यांचे ऐकू येत नाही. एकत्र कुटुंबातले सर्वांत मोठ्याने बोलणारे काका गावाला गेले की घरात शांतता पसरत नाही, तर इतरांचीही भांडणे होती हे प्रथमच कळते, तसे येथे घडते. जंपिंग रॉडचे बुश बदलले की लोअर आर्म ऐकू येऊ लागतो, लोअर आर्म बदलला की माउंटिंग, आणि माउंटिंग बदलले की रॅक. मालकाची समजूत होते की मेकॅनिक फसवतो आहे, आणि मेकॅनिकची समजूत होते की मालकाला कानाचा आजार आहे. खरे पाहता दोघेही प्रामाणिक असतात व गाडीचा पुढचा भाग हप्त्याहप्त्याने नव्याने विकत घेतला जात असतो.

भाग विकत घेण्यासाठी पुण्यात नाना पेठेत जाण्याची परंपरा आहे. तेथे विक्रेता काउंटरवर एकाच लोअर आर्मचे तीन नमुने मांडून ‘कंपनीचा पाहिजे का कंपनीसारखा?’ असा प्रश्न विचारतो, ज्यात तिसऱ्या नमुन्याचा उल्लेख सौजन्याने टाळलेला असतो. शॉकअप नेहमी जोडीने घ्यावेत, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर ब्रेक लागताना व वळताना दोन बाजू दोन मतांनी वागतात. हा सल्ला विक्रेत्याच्या हिताचा असूनही खरा आहे.

प्रत्यक्ष कामात पहिला अडथळा टाय रॉड एंडचा येतो. त्याचा दांडा निमुळता असून नकलच्या तशाच निमुळत्या भोकात तो घट्ट रुतलेला असतो, त्यामुळे स्प्लिट पिन काढली, नट काढला, तरी तो जागचा हलत नाही. अननुभवी मनुष्य दांड्याच्या टोकावर खालून हातोडी मारतो आणि आटे चेपून ठेवतो. जाणता कारागीर दांड्याला हातही न लावता नकलच्या डोळ्यावर बाजूने दोन खणखणीत घाव घालतो, त्यासरशी भोक क्षणभर आकार बदलते आणि दांडा आपोआप सुटतो. या कामासाठी पुलर नावाचे खास हत्यार बनवले जाते, ते गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले असते आणि दसऱ्याला त्याची पूजा होते. जुना एंड काढताना तो किती फेरे फिरून सुटला हे मोजून नवा तितकेच फेरे बसवावा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी निदान रस्त्याच्या दिशेने जाते.

स्ट्रट सोडवताना मात्र विनोद बाजूला ठेवावा लागतो. दाबलेल्या स्थितीत बसवलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतकी शक्ती साठलेली असते, आणि ती योग्य शिकंज्याने आवळल्याशिवाय वरचा नट सोडणे हे धाडस नसून अविचार आहे.

याउलट बुशांच्या बाबतीत होणारी चूक अगदी निरुपद्रवी दिसते. लोअर आर्मचा बुश म्हणजे लोखंडी नळीला चिकटवलेले रबर असून आर्म वरखाली झाला की ते रबर पिळले जाते. चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकते, उभ्या गाडीतही पिळलेले राहते आणि अकाली फाटते; म्हणून बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर उतरवून, मगच तो शेवटचा आवळावा असे प्रत्येक नियमपुस्तिका सांगते. गाडीखाली शिरायला तेव्हा वीतभरच जागा उरते, जेवणाची वेळही झालेली असते, त्यामुळे नियमपुस्तिकेचे म्हणणे पुढच्या वेळी ऐकायचे ठरते, आणि बुश फाटल्यामुळे ती पुढची वेळ लवकर येते.

काम संपल्यावर जुने भाग नव्या भागांच्या खोक्यात भरून मालकाच्या डिकीत ठेवण्याची पद्धत आहे, जेणेकरून ते खरोखर बदलले याचा पुरावा राहावा. हा पुरावा कोणी तपासत नाही, पण टाकूनही देत नाही. घरी परतताना तो मागून स्पष्टपणे खडखडत असतो.

अखेरचा संस्कार अलाइनमेंटचा. दोन्ही पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे किती झुकली आहेत तो टो, चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे तो कॅम्बर, आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते तो पुढेमागे किती कलला आहे तो कास्टर. चाकांवर आरसे किंवा दिवे बसवून संगणक हे तिन्ही कोन अंशाच्या अपूर्णांकापर्यंत मोजतो आणि पडद्यावर बरोबर ते हिरव्या, चूक ते लाल रंगात दाखवतो. बहुतेक लहान मोटारींत यांपैकी केवळ टो जुळवता येतो, तोही टाय रॉड फिरवून. उरलेले दोन कोन कारखान्याने जसे दिले आणि खड्ड्यांनी जसे बदलले तसे राहतात. मालक लाल आकड्याकडे बोट दाखवतो तेव्हा कारागीर ‘याला ॲडजस्टमेंट नसते साहेब, चालतं तेवढं’ असे सांगून प्रिंट हातात देतो. गाडी त्यानंतर सरळ धावते, फक्त सरळ धावताना स्टिअरिंग थोडे डावीकडे वळलेले दिसते, आणि ते मधोमध आणून घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.